खिळ्यावरचा बिल्ला

आमच्या अग्निशमन दलात सगळ्यांत मोठा आवाज भोंग्याचा आणि सगळ्यांत लहान आवाज साहेबांचा. साहेब म्हणजे आपत्कालीन कारवाईचे प्रमुख. मोठी आग लागली, इमारत बसली, टँकर उलटला, की तिथे शेवटचा शब्द त्यांचा. आत कोणी जायचं, किती वेळ थांबायचं आणि कधी सगळं टाकून बाहेर पडायचं, हे ते ठरवायचे. तेही इतक्या थंडपणे, की वायरलेसवर ऐकणाऱ्याला वाटावं हा माणूस कुणाला तरी वेळ विचारतोय. मी त्यांचा ड्रायव्हर. चौदा वर्षं त्यांच्या शेजारी बसलो, आणि चौदा वर्षांत ते माझ्याशी जेवढं बोलले तेवढं माझी बायको एका सकाळी भाजीवाल्याशी बोलते.

साहेब मूळचे आमच्यातलेच. पाइप ओढण्यापासून सुरुवात केलेला माणूस. पण खांद्यावर पट्ट्या वाढत गेल्या तशी शेजारची खुर्ची रिकामी होत गेली. जेवणाच्या खोलीत ते आले की चाललेला विनोद अर्ध्यावर थांबायचा, कुणीतरी उगाच उठून उभं राहायचं, कुणाला अचानक गाडी पुसायची आठवण व्हायची. त्यांना ते कळत होतं. मग ते यायचेच बंद झाले. अंगणात उभ्या गाडीत, काचा वर करून, मांडीवर डबा ठेवून जेवायचे. मी लांबून बघायचो. एवढा मोठा माणूस, सगळं शहर ज्याच्या भरवशावर झोपतं तो, आणि लोणच्याची बाटली उघडत नाही म्हणून एकटाच तिच्याशी झटापट करतोय. मला वाईट वाटायचं, आणि खरं सांगायचं तर थोडी गंमतही वाटायची.

राहायला स्टेशनच्याच वर दोन खोल्या. लग्न केलं नव्हतं. पलंगाजवळ बूट, बुटांवर पँट उभी केलेली, म्हणजे पाय घातले की माणूस तयार. खोलीत दोनच खुर्च्या, दोन्हींची तोंडं दाराकडे. भिंतीवर शहराचा नकाशा. मी पहिल्यांदा वर गेलो तेव्हा म्हटलं, साहेब, घर आहे की ऑफिसचं गोदाम? ते नुसते हसले आणि गॅसचा कॉक बंद आहे का ते तिसऱ्यांदा बघून आले.

पाठीमागे त्यांना सगळे 'बिल्लेसाहेब' म्हणायचे. त्याचं कारण सांगायला हवं. आमच्यात प्रत्येक जवानाला नंबर कोरलेला पितळी बिल्ला असतो. धुरात शिरण्याआधी तो बिल्ला बाहेरच्या पाटीवर, खिळ्याला अडकवायचा. बाहेर आलं की आपला बिल्ला काढून घ्यायचा. म्हणजे बाहेर उभ्या असलेल्या साहेबाने एक नजर टाकली की समजतं, आत किती जण आहेत. खिळ्यावर बिल्ला म्हणजे माणूस आत. खिळा मोकळा म्हणजे माणूस बाहेर. हे सगळीकडेच असतं. पण साहेबांनी कार्यभार घेतला त्या दिवशी स्वतःचे दोन नियम पाटीवरच रंगवून घेतले. एक, दुसऱ्याच्या बिल्ल्याला हात लावायचा नाही. ज्याचा बिल्ला त्याच्याच हाताने निघेल. दोन, पाटीवर एक जरी बिल्ला असला तरी बाहेरच्या अधिकाऱ्याने जागा सोडायची नाही, बसायचंही नाही. हे नियम मोडणाऱ्याला साहेब कधी ओरडले नाहीत. फक्त समोर उभं करून इतका वेळ बघत राहायचे, की त्यापेक्षा दोन थोबाडीत दिलेल्या परवडल्या असत्या.

आता दुसरी गोष्ट. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी दुपारी चारला साहेब मला एका जुन्या इमारतीसमोर गाडी लावायला सांगायचे. लिफ्ट नाही, पाचवा मजला. अर्धा तास वर, मग खाली. वायरलेस बरोबर न्यायचे, फक्त आवाज कमी करून. दलात यावरून काय काय बोललं जायचं ते मी इथे लिहीत नाही. मीही काही संत नव्हतो, दोन वाक्यं माझीही होती.

एकदा साहेब चष्मा गाडीत विसरले. मी तो घेऊन वर गेलो आणि माझीच मला लाज वाटली. दार उघडलं ते साठीच्या एका बाईंनी. साहेब त्यांना वहिनी म्हणत होते, त्या साहेबांना भाऊजी. भिंतीवर गणवेशातल्या माणसाचा फोटो. हा माणूस साहेबांचा जोडीदार होता. आमच्यात आत जायचं ते जोडीनंच, आणि या दोघांची जोडी सात वर्षं टिकली होती. सव्वीस वर्षांपूर्वी कागदाच्या गोदामाला लागलेल्या आगीत तो गेला. नोकरीला लागल्यापासून मी ती गोष्ट ऐकत आलो होतो, कारण नव्या जवानांना ती धडा म्हणून सांगायचे. चौकशीत असं निघालं होतं, की तो एकदा सुखरूप बाहेर आला, पाटीवरचा बिल्ला काढला, आणि मग कुणाला न सांगता परत आत गेला. पाटी मोकळी दिसली म्हणून त्या वेळच्या साहेबांनी सगळ्यांना इमारतीपासून लांब केलं. तीन मिनिटांत छप्पर खाली आलं. बेशिस्तीने जीव गेला, असं कागदावर आहे.

वहिनींनी मलाही बसवलं, चहा दिला. आणि चहा देता देता, रोजचं काहीतरी विचारावं तसं साहेबांना विचारलं, "भाऊजी, तो परत आत का गेला असेल हो? चप्पल वाकडी काढली तर मला बोलायचा. असा माणूस न सांगता जाईल? शेवटचं काही बोलला होता का तुमच्याशी?"

साहेब कपात बघत म्हणाले, "धूर फार होता, वहिनी."

जिना उतरताना माझ्या लक्षात आलं, हा प्रश्न आणि हे उत्तर दर महिन्याला होत असणार. वहिनी नंतर फोटोकडे बघून म्हणाल्या होत्या, माझ्यापेक्षा ती कागदाची रद्दी जास्त झाली का रे तुला? थट्टेच्या सुरात म्हणाल्या, पण ती थट्टा नव्हती. सव्वीस वर्षं बाई नवऱ्यावर रुसून बसली होती.

मग फर्निचरच्या गोदामाची आग लागली. सकाळी दहाची वेळ, चार मजली इमारत, फोम आणि पॉलिशचा काळा धूर. आठ जण आत. साहेब पाटीपासून दोन पावलांवर, हात मागे बांधून उभे. तिसरा मजला वाकायला लागला तसं त्यांनी सगळ्यांना बाहेर बोलावलं. एकेक जण बाहेर आला, एकेक बिल्ला निघाला. शेवटी आमचा लंबू आला. सव्वासहा फूट उंच, मनाने लोणी. पाटी मोकळी झाली. साहेबांनी शिडीच्या गाडीवरच्या मोठ्या फवाऱ्याला इशारा केला. तो फवारा म्हणजे पाणी नसतं, भिंतच असते. आत माणूस असेल तर तो चिरडला जातो. फवारा सुरू होऊन अर्धं मिनिट झालं नसेल, आणि मागच्या जिन्याच्या दारातून लंबूचा जोडीदार खोकत, भिजलेला, चालत बाहेर आला.

तो म्हणाला, अरे माझा बिल्ला कुठंय? लंबूने खिशातून काढून हसत त्याच्या हातात दिला. तो मागेच होता, जाड हातमोजे घालून खिळ्यावरून बिल्ला काढायला त्रास होतो, म्हणून मीच दोन्ही काढले, असं लंबूचं म्हणणं. मैत्रीतली साधी मदत. बाकीचेही हसले.

साहेब हसले नाहीत. आग विझेपर्यंत जागेवर उभे राहिले, मग गाडीत येऊन बसले. मी चावी फिरवली तर ते सीटबेल्ट लावायचा प्रयत्न करत होते आणि त्यांना ते जमत नव्हतं. शेवटी मी लावून दिला. संध्याकाळपर्यंत लंबू निलंबित झाला, आणि आठवड्याभरात चौकशी समितीकडे साहेबांची शिफारस गेली: बडतर्फ करावे. फाइल माझ्याच गाडीतून गेली. मी वाचली. वाचायला नको होती, पण वाचली.

सगळं स्टेशन पेटलं. माणूस जिवंत आहे, ओरखडा नाही, आणि याची नोकरी घालवायची? जवानांनी साहेबांना सलाम ठोकणं सोडलं नाही, पण सलामातला जीव काढून घेतला. लंबूला दोन मुली, राहायला दलाचंच घर. त्याची बायको माझ्याकडे आली, भाऊ तुम्ही सांगा ना साहेबांना, तुमचं ऐकतील. तिला कोण सांगणार, की माझं ते फक्त उजवीकडे की डावीकडे एवढंच ऐकतात.

तरी चौकशीच्या दिवशी गाडीत मी तोंड उघडलं. म्हटलं, साहेब, हे बरोबर नाही. तो जोडीदार जिवंत आला ना बाहेर? मला वाटलं आता मलाही घरी पाठवतात.

"आला," साहेब म्हणाले. "दर वेळी येत नाही."

चौकशी प्रशिक्षणाच्या हॉलमध्ये होती. टेबलामागे समितीचे तीन वरिष्ठ, बाजूला साहेब, समोर लंबू आणि मागच्या बाकांवर आम्ही. लंबूने इस्त्रीचा गणवेश घातला होता आणि तो शाळेतल्या मुलासारखा हाताची बोटं मोडत उभा होता. अध्यक्षांनी विचारलं, तू असं का केलंस. तो म्हणाला, "मुद्दाम नाही केलं, सर. तो माझ्या मागेच होता. जिन्यावर त्याचा हात माझ्या खांद्यावर होता. दारापाशी हात सुटला, मला वाटलं मास्क नीट करत असेल."

साहेब उठले. मला वाटलं पाणी प्यायला उठले. त्यांनी खिशातून रुमाल काढला, रुमालाची गाठ सोडली आणि आतला पितळी बिल्ला टेबलावर ठेवला. जुना, कडा झिजलेल्या. त्या आवाज नसलेल्या आवाजात ते बोलायला लागले तसं मागच्या बाकांवरचे सगळे पुढे वाकले.

सव्वीस वर्षांपूर्वी कागदाच्या गोदामात हेच झालं होतं. जिन्यावर जोडीदाराचा हात खांद्यावर होता, दारापाशी सुटला. साहेबांनी बाहेर येऊन आपला बिल्ला काढला आणि सवयीने त्याचाही काढला. त्या काळात सगळे असंच करायचे, आणि न करणाऱ्याला तुसडा म्हणायचे. मग ते बंबामागे जाऊन ओकत बसले. पाटी मोकळी होती. अधिकाऱ्याने सगळ्यांना मागे घेतलं. साहेबांनी तोंड धुऊन जोडीदाराला शोधायला मान वर केली, तेव्हा छप्पर पडलं होतं. चौकशीत कुणीतरी म्हणालं, बिल्ला निघालाय म्हणजे तो बाहेर आलाच असणार, म्हणजे तो परत गेला असणार. अंगावर बिल्ला सापडला नाही, तर तो वितळला असणार, असंही लिहून झालं. साहेबांनी फक्त एकच केलं, ते गप्प राहिले. पहिल्या दिवशी जीभ उचलली नाही. दुसऱ्या दिवशी ते आणखी जड झालं. मग वर्षं गेली.

"तो परत आत गेला नव्हता," साहेब म्हणाले. "तो बाहेर आलाच नव्हता. बिल्ला खिळ्यावर राहिला असता तर आम्ही त्याला आणायला गेलो असतो. बडतर्फीची शिफारस माझीच. पण याला काढायचं असेल तर आधी मला काढा. आणि मला विचाराल तर याला ठेवा. हा परत कधीही असं करणार नाही, हे माझ्याइतकं कुणाला माहीत नाही."

लंबू रडत होता, स्वतःसाठी की साहेबांसाठी, देव जाणे. मला मात्र राग आला होता. एवढी वर्षं हा माणूस माझ्या शेजारी तो बिल्ला खिशात घेऊन बसला, आणि मी त्याला डब्यावरून हसलो. राग त्यांचा आला होता की स्वतःचा, ते अजून नीट सांगता येत नाही.

अध्यक्षांनी तो बिल्ला हातात घेऊन नंबर लिहून घेतला आणि परत दिला. बाहेर आल्यावर साहेब गाडीत बसले आणि म्हणाले, वहिनींकडे. त्या दिवशी ना सोमवार होता, ना चार वाजले होते. दुसऱ्या कुणाकडून त्यांच्या कानावर जायच्या आत गेलं पाहिजे, एवढंच बोलले. इमारतीखाली दार उघडून एक पाय बाहेर ठेवला आणि तसेच बसून राहिले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "वर येतोस?"

चौदा वर्षांत त्यांनी माझ्याकडे स्वतःसाठी काही मागितलं ते हेच.

ते घर सोडलं तर या माणसाला जगात बसायला दुसरी जागा नव्हती, हे मला जिना चढताना समजलं. महिन्यातला अर्धा तास, एक कप चहा, आणि भाऊजी म्हणून हाक. ते स्वतःच्या पायांनी ते सगळं परत करायला निघाले होते. तिसऱ्या मजल्यावर ते थांबले. दम लागला म्हणून, असं मी धरून चाललो.

वहिनींनी दार उघडलं, आज कसे काय म्हणत चहाचं पाणी ठेवून आल्या. साहेबांनी त्यांना बसायला सांगितलं आणि उभ्यानेच सगळं सांगितलं. मी दारात होतो. सांगून झाल्यावर साहेबांनी बिल्ला टेबलावर ठेवला. वहिनींनी तो उचलून डोळ्यांजवळ नेऊन नंबर वाचला.

"म्हणजे तो परत गेलाच नाही," त्या म्हणाल्या.

"नाही."

"तो मला सोडून गेला नाही."

"नाही, वहिनी."

स्वयंपाकघरात पाणी उकळून उकळून आटत होतं, मीच जाऊन गॅस बंद केला. मग त्या अगदी सावकाश बोलल्या. "सव्वीस वर्षं मी त्याला बोल लावले. या फोटोसमोर उभं राहून लावले. दर महिन्याला तुमच्या देखत लावले. आणि तुम्ही तिथे बसून चहा पीत होतात." साहेबांनी मान खाली घातली. त्या म्हणाल्या, आता जा. भाऊजी म्हणाल्या नाहीत.

पुढचं सगळं कागदावर झालं. लंबूची नोकरी राहिली. सहा महिने त्याने आत जायचं नाही, पाटीजवळ उभं राहून बिल्ले मोजायचे, अशी शिक्षा झाली. आता तो इतका कडक झालाय, की साहेब परवडले असते. मेलेल्या जोडीदाराच्या नावापुढचा बेशिस्त हा शब्द काढला आणि तसं पत्र वहिनींना गेलं. साहेबांकडचा कार्यभार काढून घेतला; एक वर्ष उरलं होतं, त्यांनी आधीच निवृत्ती घेतली. निरोपाचं भाषण नको म्हणाले. वरच्या दोन खोल्या रिकाम्या करून दिल्या आणि दोन बसस्टॉप पलीकडे एक खोली घेतली. सामान उतरवायला मी गेलो होतो. दोन खुर्च्या तिथेही दाराकडे तोंड करून मांडल्या.

पुढच्या महिन्याच्या पहिल्या सोमवारी मी सुट्टी काढली. का काढली ते मलाही ठाऊक नाही. पावणेचारला स्कूटर घेऊन त्या इमारतीपाशी गेलो तर साहेब बसमधून उतरत होते. मला बघून त्यांना आश्चर्य वाटलं नाही. आम्ही दोघं वर गेलो. दार बंद होतं. दाराबाहेर, जिथे दुधाची पिशवी अडकवायचा खिळा होता, तिथे तोच जुना बिल्ला लटकत होता.

मला आधी वाटलं, बाईंनी रागाने बाहेर काढून ठेवलाय. साहेबांना तसं वाटलं नाही. त्यांनी बिल्ल्याला हात लावला नाही, घंटीलाही नाही. खिळ्यापासून दोन पावलांवर हात मागे बांधून उभे राहिले. मी कुजबुजलो, साहेब, चला, त्या उघडणार नाहीत. ते म्हणाले, "पाटीवर बिल्ला असताना बाहेरच्याने जागा सोडायची नसते." आतून भांड्यांचा आवाज येत होता. नेहमीच्या भेटीचा अर्धा तास भरला तेव्हाच ते खाली उतरले.

दुसऱ्या महिन्यातही तेच, तिसऱ्यातही. मी दर वेळी जात होतो. जिन्याच्या वळणावर थांबायचो. दर वेळी बिल्ला खिळ्यावर, दार बंद, साहेब उभे. पाच मजले चढून आल्यावरही ते कुठे टेकत नव्हते. भिंतीचा आधारही ते घेत नव्हते. शेजारचे लोक ये-जा करताना बघायचे आणि काही विचारायचे नाहीत.

चौथ्या महिन्यात दाराबाहेर एक स्टूल होतं. लाकडी, स्वयंपाकघरातलं, त्याच्यावर पिठाचा हात उमटलेला. दार बंदच होतं आणि बिल्ला होता तिथेच होता. साहेबांनी स्टुलाकडे पाहिलं, मग दाराकडे, मग वळून माझ्याकडे. काय करायचं असं त्यांनी मला पहिल्यांदाच विचारलं, तेही नुसत्या डोळ्यांनी. मी म्हटलं, बसा साहेब, नियम तुमचा, पण स्टूल त्यांनी ठेवलंय. ते थोडा वेळ तसेच उभे होते, मग बसले. मी जिना उतरून खाली आलो आणि स्कूटरजवळ साडेचार वाजेपर्यंत थांबलो.